उसनी शिडी, भाड्याची शिडी

शेजाऱ्याकडून शिडी आणायची तर आधी त्याच्या दारात दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलावं लागतं. मग हळूच विषय काढायचा. शिडी मिळते, सोबत "तिसरी पायरी हलतेय हं, जपून" अशी सूचनाही मिळते. परत द्यायला दोन दिवस उशीर झाला आणि तो जिन्यात समोरून आला, की नजर चुकवली जाते. महिन्याभराने त्याने आपल्याकडे ड्रिल मशीन मागितलं तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

तीच शिडी ॲपवरून भाड्याने घेतली तर यातलं काहीच घडत नाही. फोटो बघितला, तारीख टाकली, पैसे कापले गेले. ठरल्या वेळी एका अनोळखी माणसाने दार उघडलं, शिडी हातात दिली. संध्याकाळी परत केली. दोघांनी एकमेकांना 5 तारे दिले आणि पुन्हा भेटायचं कारण उरलं नाही.

शिडी तीच, काम तेच. पहिल्या व्यवहारात मात्र 'भीड' नावाची एक गोष्ट होती, ती दुसऱ्यात औषधालाही नाही. ती आपसूक गळून पडली असं आपल्याला वाटतं. खरं तर शेअरिंग इकॉनॉमी नावाच्या या सगळ्या उद्योगात कोण कोणाला कधी दिसणार, कोण कोणाशी किती बोलणार, दर कोण ठरवणार, तक्रार कोणाकडे जाणार, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. स्क्रीनवरची बटणं आखणारा माणूस त्या दोघांमधलं नातंही आखत असतो. ही आखणी कशी होते, ते जरा जवळून बघू.

शेअरिंग इकॉनॉमीची व्याख्या करायला बसलं तर दिवस जाईल. ढोबळमानाने सांगायचं तर एकाकडे जागा, गाडी, वस्तू किंवा वेळ रिकामा पडून आहे आणि दुसऱ्याला ते थोड्या वेळापुरतं हवं आहे, अशा दोघांची गाठ घालून देणारा बाजार. (नावात 'शेअरिंग' असलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं ते भाड्याने देणं. नाव गोड होतं म्हणून टिकलं, असं माझं मत.) मार्कस फेल्सन आणि जो स्पेथ या अभ्यासकांनी 1978 मध्ये 'कोलॅबोरेटिव्ह कन्झम्प्शन', म्हणजे मिळून केलेला उपभोग, असा शब्द वापरला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होतं मित्रांसोबत बिअर पिणं, नातेवाइकांसोबत जेवणं. सगळा ओळखीपाळखीचा मामला. तीसेक वर्षांनी तोच शब्द उचलून एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांच्या व्यवहाराला लावला गेला.

न पाहिलेल्या माणसाला घरात घ्यायचं, हे सुरुवातीला दोन वेगळ्या वाटांनी झालं. केसी फेंटन या अमेरिकन तरुणाने आइसलँडचं तिकीट काढलं होतं, पण राहायची सोय नव्हती. त्याने तिथल्या विद्यापीठातल्या दीड हजाराच्या आसपास विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून विचारलं, मला झोपायला जागा द्याल का? कितीतरी जणांनी 'ये' म्हणून कळवलं. त्या अनुभवातून 2004 मध्ये काउचसर्फिंग ही साइट सुरू झाली. तिथला नियम असा की पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. दुसरी वाट 2007 च्या ऑक्टोबरमधली. सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची परिषद होती, हॉटेलं भरली होती आणि ब्रायन चेस्की व जो गेबिया यांना घरभाडं जड जात होतं. त्यांनी घरात हवा भरायच्या गाद्या टाकल्या, तीन पाहुणे ठेवले आणि पैसे घेतले. त्यातून पुढे घरातली जागा थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी ही कंपनी झाली.

दोन्हीकडे पाहुणा परक्याच्या घरातच झोपला. पण काउचसर्फिंगच्या पाहुण्याच्या डोक्यावर एक गोड ओझं राहायचं, की आज मला कोणी ठेवून घेतलं, उद्या मी कोणाला तरी ठेवून घ्यावं. हवेच्या गादीवर झोपलेल्याचा हिशेब सकाळीच मिटलेला. उसनवारीची गंमत अशी की तिथे हिशेब मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो. शिडीच्या बदल्यात ड्रिल मशीन बरोबर की कमी, हे कोणी मोजत नाही. मोजलं तर दुसऱ्याला राग येईल. तो अर्धवट हिशेबच दोघांना पुन्हा एकमेकांच्या दारात आणतो. पैसे देऊन हिशेब पुरा केला की कोणालाच कोणाकडे जायची गरज राहत नाही.

या दोन वाटांच्या मध्ये उभं राहायचा प्रयत्नही झाला. 2012 मध्ये सुरू झालेल्या 'लिफ्ट' या अमेरिकन टॅक्सी-ॲपच्या गाड्यांवर पुढे भल्यामोठ्या गुलाबी मिशा लावलेल्या असत. प्रवाशाने मागे न बसता ड्रायव्हरशेजारी बसायचं, मुठीला मूठ टेकवून रामराम करायचा आणि उतरताना द्यायची ती रक्कम म्हणजे भाडं नाही, 'देणगी', अशी सुरुवात होती. यामागचा विचार असा की ही टॅक्सी नाही, गाडीवाल्या मित्राने सोडलंय. काही वर्षांत देणगीचं सरळ भाडं झालं, मिशा उतरल्या, प्रवासी मागच्या सीटवर जाऊन फोनमध्ये डोकं घालून बसू लागले. मैत्रीचा वेश फार दिवस अंगावर राहिला नाही. माझ्या मते लोकांनाही ते बरंच वाटलं असावं. सकाळी सात वाजता विमान पकडायला निघालेल्या माणसाला कोणाच्या मुठीला मूठ लावायची हौस नसते.

5 पैकी 4 म्हणजे नापास

ओळख नाही, भीड नाही, मग माणसं नीट का वागतात? याचं उत्तर रेटिंग. हा भाग जरा सावकाश बघण्यासारखा आहे, कारण नात्याची सगळी गुंतागुंत त्या ताऱ्यांमध्ये कोंबलेली आहे.

एकमेकांना शेरे द्यायची पद्धत या कंपन्यांच्या आधीची. ईबे या लिलावाच्या साइटवर 1996 पासून विकणारा आणि घेणारा एकमेकांविषयी मत नोंदवत. लवकरच एक दुखणं लक्षात आलं. घेणाऱ्याने वाईट शेरा दिला की विकणारा सूड म्हणून त्यालाही वाईट शेरा देई. म्हणून घेणारे गप्प बसू लागले किंवा खोटं गोड लिहू लागले. शेवटी 2008 मध्ये ईबेने विकणाऱ्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. म्हणजे बरोबरीचं नातं होतं, ते एका नियमाने दुकानदार-गिऱ्हाईक असं झालं.

एअरबीएनबीला बरोबरी मोडायची नव्हती, म्हणून तिने 2014 मध्ये वेगळी युक्ती केली. पाहुणा आणि यजमान दोघांनीही लिहीपर्यंत कोणाचाच अभिप्राय दिसणार नाही. एकानेच लिहिला तर 14 दिवसांनी उघडेल. सूड घ्यायची सोय राहिली नाही. तरीही लोक स्पष्ट लिहू लागले असं फारसं झालं नाही. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये एअरबीएनबीवरची घरं तपासली, तेव्हा जवळपास 95 टक्के घरांचं सरासरी रेटिंग साडेचार किंवा पाच तारे निघालं. साडेतीनच्या खाली जवळजवळ कोणीच नाही.

इतकी सगळी घरं खरंच उत्तम असतील? शक्य आहे, पण दुसरं कारण मला जास्त पटतं. राइड संपली आहे, तुम्ही गाडीतून उतरलात, स्क्रीनवर पाच रिकामे तारे आलेत. ड्रायव्हर बरा होता, पण दोनदा वळण चुकला. शाळेच्या हिशेबाने पाचपैकी चार हे चांगले मार्क. अंगठा चौथ्या ताऱ्यावर जातो आणि थबकतो. इथे चार म्हणजे चांगला नसतो, चार म्हणजे सरासरी खाली ओढणारा. आणि सरासरी ठरावीक आकड्याखाली गेली तर त्या माणसाचं खातं बंद होऊ शकतं. तुम्हाला फक्त 'वळण चुकला' एवढंच सांगायचं होतं. तेवढ्यासाठी कोणाच्या पोटावर पाय कशाला द्या, म्हणून अंगठा पाचव्याकडे सरकतो. भीड दारातून घालवली होती, ती खिडकीतून आत आली.

ड्रायव्हरच्या बाजूने हेच वेगळं दिसतं. त्याला ठाऊक असतं की मागच्या सीटवर बसलेला माणूस प्रवासीही आहे आणि साहेबही आहे. गाणं लावू का, एसी वाढवू का, बोलू की गप्प बसू, प्रत्येक गोष्टीत ताऱ्यांचा हिशेब. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास करून 1983 मध्ये अशा कामाला 'इमोशनल लेबर' म्हटलं होतं, म्हणजे पगारासाठी चेहऱ्यावर भावना आणण्याचे कष्ट. विमानात निदान वर कोणी सुपरवायझर असतो. ॲपने देखरेखीचं ते काम गिऱ्हाइकांमध्ये वाटून टाकलं, आणि फुकट.

मग ती हलणारी तिसरी पायरी कुठे जाते? शेजारी ती सहज सांगून गेला होता. जाहीर अभिप्रायात "शिडी छान, माणूस छान" एवढंच येतं, कारण पायरीचं लिहिलं तर धंद्याला फटका. एअरबीएनबीवर यासाठी यजमानाला खाजगीत चार शब्द कळवायची वेगळी जागा आहे. नळ गळतो, उशा कडक आहेत, हे सगळं तिथे. म्हणजे नात्यातल्या खऱ्या गोष्टींसाठी एक मागचं दार ठेवावं लागलं. पुढच्या पाहुण्याला मात्र ते दिसत नाही.

गप्पांनाही खूण असते, आणि ती खूण मला आवडते. ब्लाब्लाकार ही 2006 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली सेवा लांबच्या प्रवासाला निघालेल्यांच्या गाडीतल्या रिकाम्या सीटा भरते. नाव आलं ते तिथल्या एका साध्या खुणेवरून. तुम्ही किती बोलघेवडे आहात ते आधीच सांगायचं. अबोल असाल तर 'ब्ला', बेताचे असाल तर 'ब्लाब्ला', तोंड मिटतच नसेल तर 'ब्लाब्लाब्ला'. चार तास एका डब्यात बसणाऱ्यांसाठी यापेक्षा कामाची माहिती दुसरी नाही. इथे ॲपने नात्यात लुडबूड केली, पण ती माणसं बोलती राहावीत या बाजूने.

नाव आणि चेहरा

विश्वास वाटावा म्हणून प्रोफाइलवर नाव आणि फोटो आले. वाटलं तसा विश्वास आलाही. पण चेहऱ्याबरोबर चेहरा बघून ठरवायची खोडही आली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी 2015 मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांत एअरबीएनबीच्या सुमारे 6,400 घरांना राहायला जागा मागणारे निरोप पाठवले. मजकूर सारखाच, फक्त खाली नाव बदललेलं. काही नावं वाचताच कृष्णवर्णीय वाटतील अशी, काही गोऱ्यांची वाटतील अशी. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचं प्रमाण 16 टक्क्यांनी कमी निघालं.

हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला असं कोणाला हाकलता आलं नसतं, निदान उघडपणे. ॲपने यजमानाला 'तुमच्या घरात कोण येणार ते तुम्हीच ठरवा' म्हणून जो मोकळेपणा दिला, त्यातूनच हे आलं. कंपनीने 2018 मध्ये नियम बदलला: पाहुण्याचा फोटो यजमानाला बुकिंग झाल्यावरच दिसेल. फोटो दहा मिनिटं आधी दिसतो की नंतर, एवढ्यावर कोणाला खोली मिळेल ते ठरतं. आखणी म्हणजे नातं असं मी वर म्हटलं, ते या अर्थाने.

एका फेरीपुरती ओळख

आता मधल्या तिसऱ्याकडे वळू. दलाल हा प्राणी नवा नाही. स्थळं सुचवणारा असो की घरं दाखवणारा, गाठ घालून दिली, आपला वाटा घेतला की तो बाजूला होतो. प्लॅटफॉर्मला, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कंपनीला, बाजूला होणं परवडत नाही. त्याचं कमिशन दर व्यवहारामागे आहे, आणि दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले तर पुढचा व्यवहार त्याच्याविना होणार. धंद्याच्या भाषेत याला 'लीकेज' म्हणतात, गळती. सगळ्यात जास्त गळती तिथे, जिथे माणूस एकदा आवडला की तोच पुन्हा हवा असतो: घरकाम, शिकवणी, मुलं सांभाळणं. घरसफाईची होमजॉय ही कंपनी 2015 मध्ये बंद झाली. सफाई करणारे नोकर की स्वतंत्र व्यावसायिक, यावरून चाललेले खटले हे कारण तिने दिलं. पण ग्राहक सफाईवाल्याशी परस्पर ठरवून मोकळे होत होते, हेही तेव्हा बरंच लिहिलं गेलं. विचार केला तर हे विचित्र आहे. ओळख वाढली, विश्वास बसला, म्हणजे ॲपचं काम फत्ते व्हायला हवं. पण त्याच क्षणी त्याचं नुकसान सुरू होतं.

म्हणून गळती बुजवणं हा आखणीचा मोठा भाग. बुकिंगआधी पाठवलेल्या निरोपातला फोन नंबर झाकला जातो. कॉल मधल्या नंबरवरून वळवला जातो, काम संपलं की तो नंबर मुका. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2021 रोजी उबरचे ड्रायव्हर हे स्वतंत्र व्यावसायिक नसून 'वर्कर', म्हणजे कामगारांचे काही हक्क असलेले, आहेत असा निकाल दिला, तेव्हा कारणांमध्ये हाही मुद्दा होता. भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते, फेरी नाकारली तर जाब विचारते, रेटिंगने कामावर अंकुश ठेवते. आणि पाचवं म्हणजे ड्रायव्हर व प्रवासी यांच्यातला संपर्क त्या फेरीपुरता ठेवून, फेरीपलीकडे टिकेल असं नातं जुळू नये याची मुद्दाम काळजी घेते. समाजशास्त्राच्या वर्गात शोभेल असा हा मुद्दा न्यायाधीशांनी कायद्याच्या भाषेत मांडला. ज्याला स्वतःची गिऱ्हाइकं जोडताच येत नाहीत, तो कसला आला स्वतंत्र धंदेवाला?

मधला किती ताकदवान असतो ते एरवी जाणवत नाही. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे प्रवास थांबले, तेव्हा जाणवलं. रद्द केलेल्या बुकिंगचे किती पैसे परत द्यायचे याची अट एअरबीएनबीवर प्रत्येक यजमान आपली आपण निवडतो. कंपनीने ती अट बाजूला सारून पाहुण्यांना पूर्ण पैसे परत दिले. पाहुण्यांना हायसं वाटलं. यजमान मात्र भडकले, कारण त्यांच्या कराराची अट त्यांना न विचारता तिसऱ्यानेच मोडली होती. महिनाअखेरीस चेस्की यांनी यजमानांची माफी मागितली आणि त्यांच्यासाठी 25 कोटी डॉलर बाजूला काढले. निर्णय चूक की बरोबर हा वेगळा वाद आहे, आणि साथीच्या काळात पाहुण्यांना घरीच थांबू देणं मला तरी बरोबर वाटतं. पण घर माझं, पाहुणा माझा, असं समजणाऱ्या कितीतरी जणांना त्या महिन्यात कळलं की आपलं खरं नातं कोणाशी आहे.

काउचसर्फिंगच्या सदस्यांनाही असाच झटका बसला. ना-नफा म्हणून सुरू झालेली संस्था 2011 मध्ये नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली, आणि 2020 च्या मेमध्ये सदस्यांना लॉगिन करायलाच वर्गणी मागितली गेली. वर्षानुवर्षं लोकांनी एकमेकांविषयी लिहिलेले अभिप्राय त्या दारामागे राहिले. कमावलेलं नाव बरोबर नेता येत नाही, ही या सगळ्यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. पाच वर्षं निष्ठेने गाडी चालवून मिळवलेले 4.9 तारे दुसऱ्या ॲपवर गेल्यावर शून्य.

इतकं सगळं वाचून 'जुनं तेच बरं' असं म्हणावंसं वाटलं तर थोडं थांबा. शेजारधर्म ज्याला शेजारी आहे त्याच्या कामाचा. नव्या शहरात आलेला, भाषा न येणारा, एकटी राहणारी बाई, ज्याच्याशी आजूबाजूचे बोलत नाहीत असा कोणी, यांनी शिडी कोणाकडे मागायची? मागायला जाणं सगळ्यांना सोपं नसतं. उपकाराचं ओझं कसं असतं हे ज्याने वाहिलंय त्याला विचारा. कधी कधी चार पैसे टाकून मोकळं होणं ही केवढी सुटका असते! ठरलेला दर असला की घासाघीस नाही, गाडीचा नंबर आणि रस्ता घरच्यांना दिसत असला की रात्रीचा प्रवास कमी धास्तीचा. भीड नसण्याचा फायदा खरा आहे. प्रश्न एवढाच, की तिच्या जागी जे आलं त्याच्या नाड्या कोणाच्या हातात असाव्यात.

त्यावर आता कायदे होऊ लागलेत. युरोपीय संघाने 2024 मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या कामासाठी निर्देश मंजूर केला. त्यानुसार खातं बंद करण्यासारखा निर्णय यंत्रावर सोडून चालणार नाही, तिथे माणूस असावा लागेल आणि कारण सांगावं लागेल. दुसरी वाट सहकाराची. न्यूयॉर्कमध्ये 2021 मध्ये ड्रायव्हरांच्याच मालकीचं ॲप सुरू झालं, ड्रायव्हर्स कोऑपरेटिव्ह. प्रवाशाला अशा ॲपमध्ये फारसा फरक दिसत नाही. फरक असा की ॲप कसं चालावं यावर मत द्यायचा हक्क गाडी चालवणाऱ्याला मिळतो.

आणि एक नातं असं आहे जे कोणत्याच ॲपने आखलेलं नाही. ॲप ड्रायव्हरला प्रवासी दाखवतं, दुसरा ड्रायव्हर दाखवत नाही. त्यांची गाठ पडायची काही सोयच केलेली नसते. तरी विमानतळाबाहेर, पुढच्या फेरीची वाट बघत गाड्या रांगेने उभ्या राहतात तिथे, ती पडते. काचा खाली होतात. आज कुठे दर वाढलाय, कोणाचं खातं बंद झालं, कोणत्या वकिलाकडे जायचं, हे तिथे कळतं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतं. एकाचं टायर बसलं की मागचा डिकी उघडून जॅक काढून देतो. तेवढ्यात त्याच्या फोनवर फेरी येते, तो जॅक तिथेच ठेवून निघतो. ज्याने घेतला तो संध्याकाळी तो परत करायला पुन्हा त्याच रांगेत येऊन उभा राहतो.